मदतीची वेस : साथीच्या काळातील शेजारमदतीच्या अभ्यासाची प्रस्तावना

१८९८च्या ऑगस्टमध्ये प्लेग बेंगळुरात आला तो आगगाडीने, आणि आला तो आपल्याच बाजूने. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. तिथून पुणे, मग सदर्न मराठा रेल्वेच्या मार्गावरची एकेक गावे, मग हुबळी, आणि हुबळीहून बेंगळूर. रेल्वेतल्या एका अधिकाऱ्याच्या घरच्या नोकराला शहरातली पहिली लागण झाली, असे सांगितले जाते. चिकपेठ, बळेपेठ, तरगुपेठ या जुन्या पेठांत घराला घर चिकटलेले. तिथे माणसे पटापट दगावू लागली तशी उरलेल्यांनी घरांना कुलपे घातली आणि उघड्या माळावर झोपड्या टाकल्या. म्हैसूर सरकारने गावाबाहेर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन नव्या वसाहती योजल्या होत्या. त्यांचा विचार प्लेगच्या आधीपासून चालू होता, पण त्यांना घाई लागली आणि लोक तिकडे राहायला तयार झाले ते प्लेगच्या धाकाने.

सार्वजनिक आरोग्याच्या संकटात शेजारीपाजारी एकमेकांना कशी मदत करतात, या विषयाची ओळख मराठी वाचकाला करून द्यायची तर बसवनगुडीपासून सुरुवात करणे मला म्हणूनच सोयीचे वाटते. ही वस्तीच साथीपासून पळालेल्यांनी वसवलेली. आज तिथे गांधी बझारची फुले आहेत, विद्यार्थी भवनचा डोसा आहे, कार्तिकातली शेंगदाण्याची जत्रा आहे. पण रस्त्यांची रुंदी, घरांमधले अंतर, घराभोवतीचे मोकळे अंगण या साऱ्यांत १८९८ची भीती मोजूनमापून बसवलेली आहे.

हे क्षेत्र नवे आहे आणि त्याला अजून धड नावही नाही. इतिहासकार त्याला साथींच्या इतिहासात घालतात, समाजशास्त्रज्ञ सामाजिक भांडवलात, आरोग्यवाले लोकसहभागात, आणि राजकारणाचे अभ्यासक नागरी समाजात. विद्यार्थ्याने या चारही दारांतून आत जायला हरकत नाही. आत गेल्यावर मात्र एक प्रश्न हातातून सुटू देऊ नये: मदत कुठवर पोचली आणि कुठे थांबली? साथीत शेजारी धावून येतात, हे खरेच आहे. पण कुणाच्या दारापर्यंत जायचे हे त्या दिवशी ठरत नाही. मदत पाटाच्या पाण्यासारखी आधी खणलेल्या वाटेने जाते. ऐन पावसात नवा पाट कुणी खणत बसत नाही. म्हणून या विषयाचा अभ्यास साथीच्या महिन्यांपेक्षा त्याच्या आधीच्या, काहीच न घडलेल्या वर्षांत जास्त करावा लागतो, असे माझे मत आहे. सगळ्यांना ते पटेलच असे नाही.

बसवनगुडीच्या आखणीकडेच बघू. नव्या वसाहतीत भूखंड वाटले गेले ते जातवार भाग पाडून: ब्राह्मणांचा भाग निराळा, लिंगायतांचा निराळा, आणि असेच पुढे. जुन्या पेठेत धंद्यामुळे शेजार ठरत असे, इथे तो सरकारी नकाशाने ठरवला. दुसरी गोष्ट अधिक जवळून पाहण्यासारखी आहे. घरांच्या दोन रांगांच्या मागच्या भिंतींमधून एक अरुंद बोळ जातो. त्याला कन्झर्व्हन्सी लेन म्हणतात. मुंबईकर ज्याला घरगल्ली म्हणतात त्याचाच हा दक्षिणेकडचा भाऊबंद. मागच्या अंगणातल्या संडासाला या बोळाच्या बाजूने एक लहान झडप असे. मैला उचलणारा माणूस तिथून येई, तिथूनच जाई. घराच्या दर्शनी रस्त्यावर त्याचे काही काम नव्हते. प्लेगनंतरच्या स्वच्छतेच्या कल्पनेत हवा, उजेड आणि मोकळी जागा होती तशी ही व्यवस्थाही होती. वस्तीचे आरोग्य ज्याच्यावर अवलंबून, तो वस्तीचा शेजारी नव्हता. आज ते बोळ कुठे गाड्या उभ्या करायला वापरतात, कुठे ते बुजले आहेत. पण शेजारमदतीचा नकाशा काढणाऱ्याने एकदा तरी त्यांतून चालून यावे.

त्या काळातल्या दोन माणसांची नावे इथे घ्यायला हवीत, कारण मराठी वाचनात ती एकत्र क्वचितच येतात. म्हैसूर संस्थानचे प्लेग कमिशनर होते व्ही. पी. माधवराव, म्हणजे विश्वनाथ पाटणकर माधवराव, कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. आणि बेंगळुरातल्या प्लेगच्या छावणीत डॉक्टर होते पद्मनाभन पल्पू. पल्पू जातीने एळवा. वैद्यकीचे शिक्षण घेऊनही जातीपायी त्रावणकोर संस्थानाने त्यांना नोकरी नाकारली, म्हणून ते म्हैसूरच्या चाकरीत आले. पुढे १९०३मध्ये नारायण गुरूंच्या बरोबरीने श्रीनारायण धर्म परिपालन योगम् उभी करणाऱ्यांत ते प्रमुख होते. आणि माधवराव १९०४ ते १९०६ त्याच त्रावणकोरचे दिवाण झाले. स्वतःच्या मुलखात ज्याचा हात नाडीला लागलेला चालत नव्हता, त्याच्या हाती परमुलखातल्या मरणाऱ्या माणसांची छावणी दिली गेली. साथ जातीची बंधने सैल करते, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण आवडेल. माझ्या लेखी ते उलट बाजूनेही वाचता येते: छावणीचे काम नकोसे होते, म्हणून ते परक्याला मिळाले. दोन्ही वाचने टिकतात की नाही, हे अभ्यासकाने कागदपत्रे उघडून ठरवावे.

आपल्याकडे, पुण्या-मुंबईत, हाच पेच आणखी ठळक दिसतो. १८९७च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, रँडसाहेबाच्या हाताखाली पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या, २२ जूनला गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या. ही हकीकत आपल्याला पाठ आहे. इतकी पाठ आहे की तिच्या आड दुसरी हकीकत दिसेनाशी होते. सरकारी इस्पितळाच्या भीतीपोटी लोकांनी स्वतःची इस्पितळे काढली. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग इस्पितळ निघाले. मुंबईत पारशी, भाटिया, जैन, खोजा अशा जातीजमातींनी आपापली प्लेग इस्पितळे चालवली. हे परस्परसाहाय्यच होते. पैसा, खाटा, शुश्रूषा, सारे लोकांनी लोकांसाठी उभे केले. फक्त त्या लोकांची व्याख्या जातीच्या पंचायतीपाशी संपत होती. त्याच पुण्याजवळ, हडपसरच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक मुलगा प्लेगने आजारी पडल्याचे कळल्यावर सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन तिथे आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. एक इस्पितळ वेशीच्या आत उभे होते, दुसरा दवाखाना वेशीबाहेर. दोहोंना आपण सेवा म्हणतो. शब्द एक असला तरी अभ्यासात त्यांना एका रकान्यात टाकू नये.

गोखल्यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. १८९७मध्ये इंग्लंडात असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोल्जरांच्या वागणुकीवर आरोप केले. परतल्यावर पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली आणि त्यासाठी आपल्याच माणसांचे टोमणे सोसले. त्यानंतर ते स्वतः स्वयंसेवक होऊन प्लेगच्या कामात उतरले. १९०५मध्ये त्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजात सेवेला जे शिस्तीचे, नोंदींचे, आयुष्यभराच्या व्रताचे रूप आले, त्याची मुळे मला या वर्षांत दिसतात. बसवनगुडीच्या वाचकाला हे दूरचे वाटायचे कारण नाही. बुल टेंपल रोडवर डी. व्ही. गुंडप्पांनी १९४५मध्ये जी सार्वजनिक संस्था उभी केली, तिला नाव दिले गोखल्यांचे. कन्नडच्या एका मोठ्या कवीने आपल्या गल्लीतल्या नागरिकांना राज्यकारभार समजावून सांगण्यासाठी पुण्याच्या एका प्राध्यापकाचे नाव निवडले, याचे मराठी माणसाला अप्रूप वाटायला हवे. बहुतेकांना ते ठाऊकच नसते.

मराठी माणूस तसा या भागाला नवा नाही. शहाजीराजांची बेंगळूरची जहागीर सोडली तरी लगतच्या गविपुरमला मराठा समाजाचा गोसाई मठ आहे, आणि घरात मराठी व बाहेर कन्नड बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदत आहेत. गविपुरमच्या शाळेत शिकलेला शिवाजीराव गायकवाड पुढे रजनीकांत झाला, हे सांगितल्याशिवाय आपले समाधान होत नाही, तेव्हा तेही सांगून टाकतो. मुद्दा एवढाच की या विषयात ‘आपली माणसे’ हा शब्द वापरताना बेंगळुरातल्या मराठी संशोधकाला दर वेळी थोडे थांबावे लागेल.

प्लेगनंतरच्या पंधरा-वीस वर्षांत बसवनगुडीत संस्था भराभर निघाल्या. निराधार स्त्रियांसाठी अबलाश्रम १९०५चा, महिला सेवा समाज १९१३चा, नॅशनल हायस्कूलची सुरुवात १९१७ची. रामकृष्ण आश्रमही याच काळातला. प्लेगने या संस्था जन्माला घातल्या असे म्हणण्याइतका पुरावा नाही. पण १९१८ची इन्फ्लुएन्झा, आपल्याकडची मानमोडी, आली तेव्हा शहराकडे असे हात तयार होते, जे १८९८मध्ये नव्हते. हिंदुस्थानात त्या साथीत सव्वा ते दोन कोटींच्या दरम्यान माणसे मेली असे अंदाज आहेत. बरेच डॉक्टर युद्धावर गेलेले, सरकारकडे ठरलेला असा उपायही नाही. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे कार्यकर्ते चाळींमधून औषधे घेऊन फिरले. ही मंडळी साथीसाठी जमली नव्हती. रात्रशाळा आणि वाचनालये चालवता चालवता ती चाळीचाळीत ओळखीची झाली होती. कुठल्या खोलीत कोण एकटे राहते, हे त्यांना विचारत बसावे लागले नाही. केरी वॉट यांनी ‘सर्व्हिंग द नेशन’ या पुस्तकात त्या काळच्या सेवासंस्थांचा जो पट मांडला आहे, तो नवख्याने लवकर वाचावा. तो मुख्यतः उत्तर हिंदुस्थानचा आहे, म्हणून दख्खनचा भाग लिहायचा अजून बाकी आहे.

सिद्धान्ताच्या बाजूने फार घाबरायचे कारण नाही. क्रपोटकिनचे परस्परसाहाय्यावरचे पुस्तक १९०२चे; जगण्याच्या झटापटीत सहकार्यही तितकेच मुळातले आहे, हे त्याचे म्हणणे. रिबेका सॉलनिट यांनी भूकंप-वादळांच्या हकिकती जमवून संकटात माणसे सहसा लुटालूट न करता एकमेकांना सावरतात, हे २००९मध्ये पुन्हा मांडले. ही पुस्तके मन प्रसन्न करतात. त्यांच्यावर उतारा म्हणून डॅनियल ऑल्ड्रिच वाचावा. त्सुनामीनंतरच्या तमिळनाडूत जिथे गावपंचायती घट्ट बांधलेल्या होत्या तिथे मदत लवकर पोचली, आणि त्याच पंचायतींनी दलितांना व इतर बाहेरच्यांना त्या मदतीच्या यादीतून वगळले, असे त्याने दाखवले. एकीचा घट्टपणा आणि वगळणूक एकाच दोरीच्या दोन टोकांसारखी येते, हे आपल्याला परदेशी अभ्यासकाकडून शिकायची वेळ यावी, याचे मला नवल वाटते.

आता अलीकडचा काळ. २५ मार्च २०२०पासून देशभर टाळेबंदी झाली. पहिल्या महिन्यांत प्रश्न होता अन्नाचा आणि औषधांच्या गोळ्यांचा. बसवनगुडीत म्हाताऱ्यांची संख्या मोठी. अनेकांची मुले अमेरिकेत. रक्तदाबाची गोळी, दूध, भाजी घरपोच देणारे तरुण गल्लोगल्ली दिसू लागले ते रहिवासी संघ, देवळे, शाखा, कॉलेजचे माजी विद्यार्थी अशा जुन्याच ओळखीतून. ज्यांच्याकडे रोज हजारोंचा स्वयंपाक करायची भांडी आधीच होती त्या संस्था दुसऱ्या दिवसापासून कामाला लागू शकल्या. मुंबईत लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. मंडप, वर्गणी आणि कार्यकर्त्यांची फळी तीच, काम वेगळे. पण याच महिन्यांत बेंगळुरातल्या कितीतरी इमारतींनी घरकाम करणाऱ्या बायकांना फाटकाबाहेर ठेवले, आणि बांधकामावरच्या परप्रांतीय मजुरांच्या गावी जाणाऱ्या गाड्या राज्य सरकारने मे महिन्यात आधी रद्द केल्या, मग ओरड झाल्यावर पुन्हा सोडल्या. शिधा वाटणाऱ्यांच्या आणि फाटक लावणाऱ्यांच्या याद्या कधी कधी एकाच वहीत होत्या.

२०२१च्या एप्रिलमध्ये प्रश्न बदलला. आता हवी होती खाट आणि ऑक्सिजन. त्या दिवसांतला एक निरोप कसा असे, ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण हाच या क्षेत्राचा सर्वांत नवा दस्तऐवज. वर रुग्णाचे नाव आणि वय. खाली ऑक्सिजनची पातळी, बहुधा ऐंशीच्या घरात. मग चाचणीच्या नमुन्याचा एसआरएफ आयडी आणि लागण ठरल्यावर मिळणारा बीयू नंबर, कारण बीयू नंबराशिवाय सरकारी कोट्यातली खाट मिळत नसे. मग सोबतच्या नातेवाइकाचा फोन, आणि खाटांसाठीच्या १९१२ या हेल्पलाइनला फोन करून झाला आहे की नाही. स्वयंसेवक तो निरोप पुढे पाठवी, इस्पितळांना एकामागून एक फोन लावी, आणि जिथे खाट असल्याचे कळे तिथे ‘व्हेरिफाइड’ लिहून शेजारी वेळ टाकी. वेळ महत्त्वाची, वीस मिनिटांपूर्वीची खात्री शिळी झालेली असे. शेवटी ‘क्लोज्ड’ एवढा एक शब्द. खाट मिळाली म्हणून क्लोज्ड की माणूस गेला म्हणून, हे पुष्कळदा लिहिलेले नसे. घरात बसून, कानाला फोन लावून हे काम करणाऱ्यांत विद्यार्थी होते, आयटीतले लोक होते, गृहिणी होत्या. ज्यांना इंग्रजीत अर्ज भरता येत होता आणि ज्यांच्या ओळखीत कुणी डॉक्टर होता, त्यांच्यापर्यंत ही साखळी लवकर पोचली, हेही लिहून ठेवले पाहिजे.

वेस कुठे होती ते दाखवणारी एक घटना याच भागातली. ४ मे २०२१ रोजी बेंगळूर दक्षिणचे खासदार, बसवनगुडीच्या आमदारांसह काही आमदारांना घेऊन महापालिकेच्या दक्षिण विभागाच्या कोविड वॉररूममध्ये गेले. खाटा अडवून पैसे खाण्याचा प्रकार शहरात खरोखर चालू होता आणि त्यात अटकाही झाल्या. पण तिथे वाचून दाखवली गेली ती दोनशेच्या वर कर्मचाऱ्यांमधली सोळा-सतरा मुस्लिम नावे तेवढी, आणि त्या पोरांना कामावरून दूर केले गेले. त्याच आठवड्यांत मर्सी मिशन या मुस्लिम संस्थांच्या आघाडीचे स्वयंसेवक शहरभर रुग्णवाहिका आणि ऑक्सिजन पुरवत होते, आणि ज्यांच्या घरचे कुणी पुढे येऊ शकत नव्हते अशा कुठल्याही धर्माच्या मृतांचे अंत्यविधी पार पाडत होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय बसवनगुडीच्या शेजारमदतीचा अध्याय लिहू नये, असे मला वाटते. त्या लिहिणे अडचणीचे आहे, हे ठाऊक असूनही.

आणखी एक गट आहे, जो दोन्हीकडच्या हिशेबातून गळतो. आशा कार्यकर्त्या सरकारच्या दप्तरी स्वयंसेविका आहेत, म्हणून त्यांना पगार नाही, मानधन आहे. २०२०च्या साथीत घरोघर फिरून याद्या करण्याचे, ताप मोजण्याचे काम त्यांनीच केले. बेंगळुरात त्यांच्यावर हल्लाही झाला. त्याच वर्षी जुलैत कर्नाटकातल्या आशांनी महिना बारा हजार रुपये मागत काम बंद केले. स्वयंसेवेवर लिहिलेल्या बहुतेक लेखांत त्यांचा उल्लेख येत नाही, कारण त्या सरकारी मानल्या जातात. आणि सरकारच्या वेतनपत्रकात त्या नाहीत, कारण त्या स्वयंसेविका. या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याला मी पहिला विषय सुचवायचा झाला तर हा सुचवेन.

साधनांबद्दल दोन शब्द. १८९८साठी सरकारी अहवाल मुबलक आहेत, पण त्यांत शेजारी दिसत नाहीत. दिसतात त्या आज्ञा, छावण्या आणि आकडे. बेंगळूर तेव्हा दोन राज्यकारभारांत विभागलेले, शहर म्हैसूरचे आणि कँटोन्मेंटचा भाग ब्रिटिशांचा, त्यामुळे कागदही दोन ठिकाणी. लोकांची बाजू शोधायची ती प्लेगअम्मा, प्लेग मारम्मा नावाच्या देवळांत आणि त्यांच्या वार्षिक पूजांत. मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधील प्लेगची प्रकरणे आहेत, शुश्रूषा करणारीने स्वतः लिहिलेले असे लेखन दुर्मिळ. २०२१साठी अडचण उलटी आहे. कागद अमाप, पण ते लोकांच्या फोनमध्ये, आणि त्यांत परक्यांचे आजार, पत्ते, नंबर. अनेकांनी मन घट्ट करून ते पुसून टाकले, आणि त्यांना दोष देता येत नाही. जे उरले आहे ते जमवायचे तर नावे झाकून, घरच्यांना विचारून, आणि ‘आम्हाला नको’ म्हणणाऱ्याचे ऐकून. काम सावकाश होईल, होऊ द्यावे.

अखेर एक सूचना. प्लेग ज्या रेल्वेने आला त्या वाटेचा, मुंबई-पुणे-मिरज-बेळगाव-हुबळी-बेंगळूर, एकत्र अभ्यास करण्यासारखा आहे. बेळगाव-धारवाडचा पट्टा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, १९५६नंतर तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, आणि मराठी अभ्यासकांचे वाचन मिरजेला थांबू लागले, तर कन्नड अभ्यासकांचे बेळगावच्या अलीकडे वळेना. एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर लोकांनी काय नेले, कुठल्या गावाने उतरणाऱ्यांना पेज दिली आणि कुठल्या गावाने दारे लावली, हे कळायला दोन्ही भाषा येणारी माणसे लागतील. कन्नड येत नसेल तर शिकावे. बसवनगुडीत राहून ती सहा महिन्यांत वाचण्यापुरती येते. तोवर मिरजेच्या आणि बेळगावच्या नगरपालिकांचे कागद मराठीतून वाचायला कुणाची हरकत नाही.